‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज, रस की हितसंबंध?

तर्जुमाकार

नमस्कार मंडळी. एका विमा दस्तऐवजाचा मराठी अनुवाद तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यात ‘इन्शुरेबल इंटरेस्ट’ या संज्ञेसाठी अनुवादकाने ‘विमायोग्य व्याज’ असे लिहिले आहे. प्रथम हसू आले. पण दस्तऐवज पुढे वाचत गेलो तेव्हा त्या बिचाऱ्याची दया आली, कारण ‘इंटरेस्ट’ हा शब्द त्यात पानोपानी आहे आणि प्रत्येक वेळी त्याने वेगळा अंगरखा घातलेला आहे. हप्ता थकल्यास आकारायचे ते व्याज, वारसाचा मालमत्तेतील हक्क, कंपनीच्या संचालकांचे हितसंबंध, आणि प्रस्तावनेत ‘आमच्या योजनेत रस दाखवल्याबद्दल आभार’, हे सगळे इंग्रजीत एकाच शब्दाने भागवले आहे.

माझी शंका अशी आहे की हे मुळात दोन वेगळे शब्द असावेत आणि कालांतराने त्यांचे उच्चार एक झाले असावेत. इंग्रजीत असे घडलेले आहे. रोकड या अर्थाचा ‘कॅश’ हा शब्द पेटी या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला, तर चीनमधील भोकाच्या नाण्याला इंग्रज जे ‘कॅश’ म्हणत, त्याचे मूळ तमिळमधील ‘काशु’ या शब्दात असून तो पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत पोहोचला. दोन्ही पैशाचेच शब्द, दिसायला अगदी जुळे, पण नाते काही नाही. ‘इंटरेस्ट’चेही तसेच असेल काय? कर्जावरचे व्याज आणि एखाद्या विषयातला रस यांत मला तरी काही साम्य दिसत नाही.

मितभाषी

कर्ज देणाऱ्याला व्याजात रस असतो, एवढे साम्य पुरेसे नाही काय?

व्युत्पत्तीवेडा

मितभाषी यांनी विनोदाने जे लिहिले ते उत्तराच्या बरेच जवळ आहे. हा एकच शब्द आहे, तर्जुमाकार. लॅटिनमध्ये ‘इंतेर’ म्हणजे मध्ये आणि ‘एस्से’ म्हणजे असणे. त्यांच्या जोडीतून ‘इंतेरेस्से’ हे क्रियापद झाले. शब्दशः अर्थ ‘मध्ये असणे’ असा असला, तरी वापरात त्याचा अर्थ ‘फरक असणे’, ‘फरक पडणे’ आणि त्यावरून ‘महत्त्व असणे’ असा होता. ‘मेआ इंतेरेस्त’ असे रोमन माणूस म्हणे तेव्हा त्याला ‘याने मला फरक पडतो’ असे सांगायचे असे. म्हणजे आज आपण जे नाम म्हणून वापरतो, ते मुळात ‘फरक पडतो’ असे अख्खे क्रियापद होते.

आता आपल्याला जवळची गोष्ट. लॅटिन ‘इंतेर’ आणि संस्कृत ‘अंतर्’ हे सख्खे भाऊ आहेत, तसेच लॅटिन ‘एस्से’ आणि संस्कृत ‘अस्’ हा धातूही. ‘इंटरेस्ट’ला संस्कृत वेश चढवायचा झाला, तर ‘अन्तर् अस्ति’ असेच काहीसे होईल. आणि ‘अंतर’ या शब्दाने आपल्याकडे नेमका तोच प्रवास केलेला आहे: मधली जागा, मग दोन गोष्टींतली तफावत, आणि मग माणसामाणसांत पडते ते अंतर.

शंकासुर

व्युत्पत्तीवेडा, वाचायला फार गोड आहे, परंतु ‘फरक पडतो’ येथून ‘शेकडा अमुक’ येथे उडी कशी मारली, ते सांगितल्याशिवाय मी मानणार नाही. धातू जुळले म्हणून अर्थ जुळत नाही. अशा गोड व्युत्पत्ती मी पुष्कळ ऐकल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या सांगणाऱ्याच्या डोक्यातून निघालेल्या असतात.

कायदेपंडित

शंकासुर यांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर रोमन कायद्यात आहे. करार मोडल्यावर किंवा देणे वेळेवर न दिल्यावर भरपाई किती द्यायची, हे ठरवताना रोमन कायदेपंडित ‘इद क्वोद इंतेरेस्त’ असा शब्दप्रयोग करीत. त्याचा अर्थ ‘जो फरक पडतो तेवढे’. समजा, तुम्ही मला ठरल्या दिवशी शंभर नाणी परत करायची होती. ती तुम्ही केली नाहीत, म्हणून मला दुसरीकडे दंड भरावा लागला. वेळेवर पैसे मिळाले असते तर माझी जी स्थिती असती ती एक, आणि आज माझी जी स्थिती आहे ती दुसरी; या दोहोंच्या मध्ये जे अंतर आहे, तेच ‘इंतेरेस्त’. जस्टिनियन बादशहाच्या संहितेत अशा भरपाईवर स्वतंत्र प्रकरण आहे.

म्हणजे या शब्दाने पैशाच्या प्रांतात पाऊल टाकले ते नुकसानभरपाई म्हणून. व्याजाला लॅटिनमध्ये वेगळाच शब्द होता, तो म्हणजे ‘उसुरा’. ‘वापरणे’ या अर्थाच्या धातूपासून तो झाला. पैसा वापरू दिल्याचे मोल म्हणजे उसुरा, आणि पैसा वेळेवर न मिळाल्याने झालेल्या हानीची भरपाई म्हणजे इंतेरेस्से. हे दोन शब्द कित्येक शतके शेजारी शेजारी राहत होते आणि त्यांच्यात गल्लत करणे ही साधी चूक मानली जात नसे.

फ्रेंच कायद्याच्या भाषेत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. न्यायालय जी नुकसानभरपाई देवविते तिला तेथे ‘दोमाज-एँतेरे’ म्हणतात, आणि त्यातील ‘एँतेरे’चा व्याजाशी काहीही संबंध नसतो.

हिशेबनीस

कायदेपंडित, हे वाचून मी खुर्चीतच सरळ झालो. वेतन उशिरा वाढवून मागील तारखेपासून लागू केले, की जी थकलेली रक्कम एकदम हाती येते तिला आपण ‘फरक’ म्हणतो. ‘फरक मिळाला का?’ हा प्रश्न मी नोकरीभर ऐकला आणि आपण रोमन कायद्याची परिभाषा बोलत आहोत, याची कोणालाही कल्पना नव्हती.

शंकासुर

ठीक आहे, भरपाईपर्यंत मी आलो. आता भरपाईचे व्याज कसे झाले?

निवृत्त गुरुजी

तो भाग मी सांगतो, कारण वर्गात ‘द.सा.द.शे.’ शिकवताना मुलांना ही गोष्ट सांगायला मला नेहमी आवडे.

रोमन काळी उसुरा घेणे कायदेशीर होते. त्यावर फक्त मर्यादा होती. महिन्याला शंभरास एक, म्हणजे वर्षाला शेकडा 12, हा दीर्घकाळ कमाल दर होता. जस्टिनियनने 528 मध्ये तो उतरवून सामान्यांसाठी 6, व्यापाऱ्यांसाठी 8 आणि उमरावांनी दिलेल्या कर्जासाठी 4 असा केला. समुद्रावरच्या धोक्याच्या कर्जाला मात्र 12 ठेवले. पुढे पश्चिम युरोपात चर्चची सत्ता वाढली आणि उसुरा हे पाप ठरले. उसन्या दिलेल्या पैशाची परतफेड सोडून अधिक कशाचीही अपेक्षा करू नये, असा ख्रिस्तवचनाचा अर्थ लावला गेला. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने तर उघडपणे व्याजबट्टा करणाऱ्यांना ख्रिस्ती दफनही नाकारले, आणि 1311–12 च्या व्हिएन येथील परिषदेने ‘व्याज घेणे पाप नाही’ असा हट्ट धरणाऱ्याला पाखंडी ठरवले.

आता व्यापार तर थांबत नाही. मग करायचे काय? उसुरा निषिद्ध होती, परंतु इंतेरेस्से निषिद्ध नव्हते. झालेल्या हानीची भरपाई मागणे हे पाप कसे असेल? तेव्हा कर्ज बिनव्याजी द्यायचे, मुदत मुद्दाम थोडी ठेवायची, ती टळली की भरपाई सुरू करायची. ती टळणार, हे देणारा आणि घेणारा दोघेही पहिल्या दिवसापासून जाणून असत.

शंकासुर

म्हणजे शेवटी माझेच खरे ठरले! हा शब्द म्हणजे निव्वळ पळवाट होती. जुन्या पापाला नवे नाव दिले, एवढाच त्याचा इतिहास.

पोथीवाचक

शंकासुर, तुम्ही नकळत मराठी शब्दाचा मूळ अर्थ सांगून गेलात. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे बहाणा, मिष, सोंग. निंदेच्या मिषाने केलेली स्तुती ती व्याजस्तुती; खरे कारण लपवून दुसरेच सांगणे ती व्याजोक्ती; आणि ज्यात कोणतेही सोंग नाही ते निर्व्याज प्रेम. शाळेत ‘निर्व्याज’ म्हणजे बिनव्याजी असे एका मुलाने लिहिले होते आणि त्याला शून्य गुण मिळाले होते. तो मुलगा मीच होतो, हे आता सांगायला हरकत नाही.

संस्कृत धर्मशास्त्रात कर्जावरच्या वाढाव्याला ‘व्याज’ म्हणत नाहीत. तेथे शब्द आहेत ‘कुसीद’ आणि ‘वृद्धि’. पाणिनीने तर ‘दशैकादशिक’ असा एक शब्द साधून दिला आहे: दहा देऊन अकरा घेणारा. शब्द ऐकताच त्या गृहस्थाची नजर डोळ्यांपुढे उभी राहते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वृद्धीचे प्रकार सांगितले असून त्यांपैकी ‘चक्रवृद्धि’ आजही ‘चक्रवाढ’ म्हणून आपल्या पासबुकात नांदते आहे.

कायदेपंडित

पोथीवाचक यांचा योगायोग रंजक आहे. पण तो योगायोगच समजावा, कारण मराठीतले ‘व्याज’ आणि लॅटिनमधले ‘इंतेरेस्से’ यांची वाट कोठेही एकमेकींस मिळत नाही.

शंकासुर यांच्या ‘निव्वळ पळवाट’ या शेऱ्याशी मात्र मी असहमत आहे. काहींनी पळवाट म्हणून तिचा वापर केला, हे गुरुजींनी दाखवले आहेच. परंतु त्यामागे प्रामाणिक विचारही होता आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. ‘दाम्नुम एमेर्गेन्स’ म्हणजे पैसा अडकल्यामुळे प्रत्यक्ष झालेली हानी. तिची भरपाई घ्यावी, हे तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस यालाही मान्य होते. ‘लुक्रुम सेस्सान्स’ म्हणजे पैसा हाती असता तर जो नफा झाला असता तो बुडणे. त्याची भरपाई मागणे अक्वायनसने नाकारले, कारण जे अजून हाती आलेच नाही ते विकता येत नाही. त्याच तेराव्या शतकात होस्तिएन्सिस या धर्मकायद्याच्या पंडिताने मात्र व्यापाऱ्याच्या बाबतीत ते मान्य केले. आता बघा, एकदा बुडालेला संभाव्य नफा भरपाईस पात्र ठरला, की मुदत टळण्याची वाट तरी कशासाठी बघायची? पैसा दुसऱ्याच्या हाती गेला त्याच दिवशी माझी संधी गेली. येथे भरपाई आणि व्याज यांच्यातली भिंत पडली. आज अर्थशास्त्राचे विद्यार्थी ज्याला संधिव्यय म्हणतात, तो विचार त्या वादात जवळजवळ पूर्ण मांडलेला आहे, आणि तो मांडणारे धर्मपंडित होते. अशा विचाराला केवळ बहाणा म्हणणे अन्यायाचे आहे.

शंकासुर

‘निव्वळ’ हा शब्द मागे घेतो. ‘पळवाट’ हा शब्द ठेवतो.

अक्षरा

अवांतर होईल, पण व्याजाला जगभर काय काय म्हटले गेले, ते पाहण्यासारखे आहे. ग्रीकमध्ये ‘तोकोस’ म्हणजे अपत्य, आणि तोच शब्द व्याजाला. ॲरिस्टॉटलने याच शब्दावर बोट ठेवून म्हटले की पैशाने पैशाला जन्म देणे हा धन मिळवण्याचा सर्वांत अनैसर्गिक मार्ग होय. सुमेरी भाषेत व्याजासाठी असलेला ‘माश’ हा शब्द करडाचाही वाचक आहे. हिब्रूत ‘नेशेख’ म्हणजे चावा. अरबीत ‘रिबा’ म्हणजे वाढ. फारसीतील ‘सूद’ म्हणजे लाभ. जर्मन ‘त्सिन्स’ लॅटिन ‘सेन्सुस’वरून आला, जो मुळात गणतीचा आणि करआकारणीचा शब्द आहे.

या सगळ्यांत मला मौज वाटते ती अशी, की प्रत्येक शब्द कोठे उभा राहून बोलतो ते लगेच कळते. ‘अपत्य’ आणि ‘वाढ’ म्हणणारा पैशाकडे पाहत आहे, ‘लाभ’ म्हणणारा धनकोच्या ओसरीवर बसला आहे, आणि ‘चावा’ म्हणणारा नक्की ऋणको आहे. ‘इंटरेस्ट’ तेवढा शब्दशः दोघांच्या मधोमध उभा आहे.

निवृत्त गुरुजी

अक्षरा, ‘अपत्य’ वाचून आमच्या घरातलेच वाक्य आठवले. नातवंडांविषयी बोलताना आपण ‘मुद्दलापेक्षा व्याज प्यारे’ म्हणतोच की. ग्रीकांनी व्याजाला अपत्य म्हटले आणि आपण अपत्याच्या अपत्याला व्याज म्हटले. हिशेब दोन्ही बाजूंनी जुळला.

हिशेबनीस

गुरुजी, दुसऱ्या पिढीचे असल्याने ते चक्रवाढ धरावे लागेल.

आणि करडू सोडून द्यायला नको. हम्मुराबीच्या काळी, म्हणजे ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकात, चांदीच्या कर्जावर शेकडा 20 आणि धान्याच्या कर्जावर शेकडा 33⅓ असा दर होता. धान्याचा एक दाणा पेरला की बरेच उगवतात, करडाचाही कळप होतो, म्हणून वाढावा मागणे त्या लोकांना स्वाभाविक वाटले असेल. चांदीला पिल्ले होत नाहीत, तरी 20 का, हे ॲरिस्टॉटलने विचारले ते बरोबरच होते.

तर्जुमाकार

मंडळी, मी कृतज्ञ आहे आणि माझी ‘दोन शब्द’ ही शंका मागे घेतो. परंतु माझा अर्धा प्रश्न तसाच उरला आहे. भरपाईपासून व्याजापर्यंतची वाट दिसली. मग ‘रस’ कोठून आला? प्रस्तावनेतल्या त्या आभाराच्या वाक्यात तर कोणाचीच हानी झालेली नाही.

मितभाषी

योजना घेतल्यावर होईल.

व्युत्पत्तीवेडा

मितभाषींना नमस्कार करून पुढे जातो.

इंग्रजीत हा शब्द प्रथम आला तो व्याज म्हणूनही नव्हे आणि रस म्हणूनही नव्हे, तर कायद्यातला हक्क किंवा वाटा म्हणून. पंधराव्या शतकात ‘अमक्याचा या जमिनीत इंटरेस्ट आहे’ याचा अर्थ त्याचा तीत हिस्सा आहे, तिचे बरेवाईट झाल्यास त्याला फरक पडेल. तेव्हाचे रूप ‘इंटरेस’ असे होते. शेवटचा ‘ट’ मागाहून चिकटला, आणि जुन्या फ्रेंचमध्ये नुकसान या अर्थाचा जो ‘इंतेरेस्त’ होता त्याची छाया त्यावर पडली असावी, असे कोशकार मानतात.

हिश्शापासून हित एका पायरीवर आहे. सतराव्या शतकात हा शब्द राजकारणात शिरला. फ्रान्सचा सेनानी ड्यूक आंरी द रोहान याने 1638 मध्ये लिहिले की राजे प्रजेवर हुकूम चालवतात आणि राजांवर ‘इंटरेस्ट’ हुकूम चालवते. येथे अर्थ हित, स्वार्थ. ज्यात माझे हित गुंतले आहे तिकडे माझे लक्ष असणारच. हित वजा केले आणि लक्ष तेवढे शिल्लक ठेवले, की ‘रस’ उरतो. हा शेवटचा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला, म्हणजे तिघांत तोच धाकटा. ‘इंटरेस्टिंग’ हा शब्दही आधी ‘महत्त्वाचे, ज्याच्याशी आपला संबंध आहे असे’ या अर्थी होता. मनोरंजक हा अर्थ नंतरचा.

या वाटेवर एक जुने गोंधळाचे वळण आहे. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा निःपक्षपाती, आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस नाही असा, हा भेद व्याकरणाचे शिक्षक आज कडकपणे शिकवतात. सतराव्या शतकात मात्र हे दोन्ही शब्द नेमक्या उलट अर्थांनीही वापरलेले सापडतात. तेव्हा ज्यांना त्या चुकीसाठी छडी खावी लागली, त्यांनी समाधान मानावे.

अक्षरा

‘इंटरेस्टिंग धागा’ असे लिहून निघून जाणार होते. आता तो शब्द टंकताना हात थबकतो.

कायदेपंडित

व्युत्पत्तीवेडा यांच्या ‘हिस्सा’ या अर्थापाशी तर्जुमाकारांचे ‘विमायोग्य व्याज’ सुटते. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये लोक परक्या माणसांच्या आयुष्याचा विमा उतरवीत. विमा कसला, तो अमुक एक पुढारी वर्षअखेरीस जिवंत असेल की नाही यावर लावलेला जुगार होता. 1774 च्या जीवनविमा कायद्याने हे बंद केले आणि ज्याच्या आयुष्यात तुमचा इंटरेस्ट नाही त्याचा विमा उतरवता येणार नाही, असे ठरवले. म्हणजे तो माणूस गेल्याने तुमचे काही जाणार असेल, तरच विमा. पुन्हा तेच: फरक पडतो की नाही? मराठीत ‘विमायोग्य हितसंबंध’ लिहावे.

आणि ‘युझुरी’चे, म्हणजे ‘उसुरा’च्या इंग्रजी रूपाचे, पुढे काय झाले, ते राहून गेले. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या 1545 च्या कायद्याने शेकडा 10 पर्यंतची आकारणी चालवून घेतली. 1552 मध्ये पुन्हा संपूर्ण बंदी आली. 1571 मध्ये एलिझाबेथच्या काळी ती उठली. पुढे मर्यादा उतरत उतरत 5 वर आली आणि 1854 मध्ये हे कायदेच रद्द झाले. या काळात मर्यादेच्या आतले ते इंटरेस्ट आणि मर्यादेबाहेरचे ते युझुरी अशी वाटणी पक्की झाली. एके काळी सर्वच व्याजाला असलेला शब्द केवळ पिळवणुकीपुरता उरला, आणि भरपाईचा शब्द सभ्य व्याज होऊन बसला.

शंकासुर

शब्दांतही सावकार आणि साव असे दोन वर्ग पडले म्हणायचे.

तर्जुमाकार

दस्तऐवज आज पूर्ण केला. वारसाच्या बाबतीत ‘हक्क’, संचालकांच्या बाबतीत ‘हितसंबंध’, विम्याच्या संज्ञेत कायदेपंडितांचा शब्द, आणि प्रस्तावनेत ‘रस’ तसाच ठेवला. एकच कलम अडले आहे. दाव्याची रक्कम देण्यास कंपनीने उशीर केला, तर त्या विलंबाबद्दल दावेदाराला ‘इंटरेस्ट’ मिळेल, असे ते कलम आहे. अनुवादकाने येथे ‘नुकसानभरपाई’ लिहिले आहे. खोडावे काय?

कायदेपंडित

दर शेकड्याने आकारणी असल्यास ‘विलंबव्याज’ करा. पण त्या अनुवादकाला रागावू नका; चौदाव्या शतकात त्याचेच बरोबर धरले असते.